घाटात उतरायच्या आधी आपला ट्रक आपणच कसा तपासायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) झालंय म्हणजे गाडी चांगली आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी न्यावी लागते. म्हणजे ज्या दिवशी गाडी दिवे घाटाच्या वर आरटीओच्या ट्रॅकवर उभी होती त्या दिवशी ती ठीक होती, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. त्यानंतर गाडीनं पन्नास-साठ हजार किलोमीटर कापले, दोन पावसाळे खाल्ले, तीन वेळा चाकं उतरली, चार वेळा ओव्हरलोड भरली, त्याचा हिशोब त्या कागदात नाही. तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

माझ्याकडे दोन गाड्या आहेत, एक दहाचाकी आणि एक सहाचाकी. चाकणहून माल भरून कोल्हापूर-बेळगाव साईडला जायचं आणि येताना जे मिळेल ते भरून मार्केट यार्ड नाहीतर परत चाकण, असं काम. अकरा वर्षं स्वतः चालवली, आता एक ड्रायव्हर ठेवलाय आणि एक गाडी अजून मीच चालवतो. हे जे लिहितोय ते ह्या अनुभवातून लिहितोय, आणि मला मनापासून वाटतं की प्रत्येक मालकानं आणि ड्रायव्हरनं हे रोज करावं, कारण पुण्यातून कुठल्याही दिशेला निघा, घाट आहेच. मुंबईला बोरघाट, साताऱ्याला कात्रज आणि पुढं खंबाटकी, सासवडला दिवे घाट. आणि सगळ्यात फसवा म्हणजे ज्याला कोणी घाट म्हणतच नाही तो कात्रजच्या नव्या बोगद्यापासून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर करत नवले पुलापर्यंतचा उतार. रस्ता रुंद आहे, सरळ दिसतो, म्हणून पाय सैल सुटतो आणि खाली गर्दी तयारच असते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं ओळीनं कितीतरी गाड्या उडवल्या हे पुण्यात सगळ्यांना आठवत असेल. आधी सगळे ब्रेक फेल, ब्रेक फेल म्हणत होते, पण पोलिसांच्या सुरुवातीच्या तपासात असं पुढं आलं की उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडली होती. परत १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात कंटेनरनं गाड्या उडवल्या, आग लागली, माणसं गेली. मी त्या रस्त्यानं आठवड्यातून दोनदा जातो आणि दर वेळी पुढच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली पोरं दिसतात. म्हणून हा सगळा खटाटोप.

आता कामाचं. रोजच्या तपासणीला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, सवय झाली की बारा. सकाळी गाडी थंड असताना करायची, माल भरायच्या आधी एकदा आणि भरल्यावर टायर आणि फाळका (हौद्याचं मागचं दार) परत एकदा. लागतं काय, तर एक चांगली टॉर्च, हवेचा मीटर, टॉमी (लोखंडी दांडा), हातमोजे, खडू आणि एक वही. गाडी सपाटीला उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळा लावायचा. दगड लावतात बरेच जण पण दगड निसटतो, आणि काम झालं की रस्त्यात तसाच टाकून जातात, मग मागून येणारा मोटारसायकलवाला त्याच्यावरून पडतो. दोन लाकडी ठोकळे दोरीला बांधून कायम गाडीत ठेवा.

एक नियम पक्का करा, फेरी कायम एकाच दिशेनं मारायची. मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करतो, पुढून जाऊन क्लीनर साईड, मग मागचा फाळका आणि परत ड्रायव्हर साईडनं दारापर्यंत. दिशा बदलली की काहीतरी राहतंच. मधेच फोन आला तर जिथं होतो तिथं टायरवर खडूनं रेघ मारायची आणि परत तिथूनच सुरू करायचं. ही छोटी गोष्ट वाटते पण अर्धी तपासणी राहून जायचं कारण बहुतेक वेळा फोनच असतो.

चढायच्या आधी चार पावलं लांब उभं राहून गाडीकडं नुसतं बघा. एका बाजूला झुकलीय का? झुकली असेल तर पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटलेला असेल नाहीतर हवा कमी असेल. मग खाली जमिनीवर बघा, रात्रभर काही गळलंय का. काळं आणि चिकट म्हणजे ऑइल, हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट, डिझेलचा वास तर लगेच येतो. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेक ड्रमच्या खाली तेलकट डाग दिसला तर तिथंच थांबायचं, कारण हबचं सील गेलं की ग्रीस आणि ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, जातं आणि तेल लागलेला लायनर ब्रेक धरत नाही. तो लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावणारे मिस्त्री मी बघितलेत, तसं करून घेऊ नका. लायनर तेल पिऊन बसतो, वरून धुतला तरी गरम झाल्यावर आतलं तेल बाहेर येतं. सील आणि लायनर दोन्ही बदला.

ब्रेकवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकी काही बिघडलं तर गाडी बंद पडते, ब्रेक बिघडला तर गाडी बंद पडत नाही.

आधी टाक्या. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर लागतो आणि ती हवा ह्या टाक्यांत असते. एअर टँकच्या खाली ड्रेन असतो, ओढायची रिंग नाहीतर फिरवायचा नॉब, तो रोज उघडायचा. प्रत्येक टाकीचा वेगळा असतो, एकच उघडून समाधान मानू नका. हवेबरोबर थोडं पाणी येणं समजू शकतो, पण रोज भसाभसा पाणी येत असेल तर हवेतलं पाणी काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय असं समजा. पावसाळ्यात हे फार होतं. पाण्याबरोबर काळं तेल येत असेल तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय, ते पुढं जाऊन सगळ्या व्हॉल्व्हची रबरं खातं. हा खर्च टाळू नका.

टाकी रिकामी झाली की इंजिन चालू करा आणि मोबाईलवर वेळ लावा, हवा पूर्ण भरायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. ह्यात दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करायची नाही, आपल्याच गाडीशी करायची. माझी सहाचाकी साधारण चार मिनिटात भरते. एकदा ती सहा-सात मिनिटं घ्यायला लागली, कॉम्प्रेसर खराब असेल म्हणून मिस्त्री खर्च सांगत होता, निघाला मागच्या ब्रेक चेंबरकडं (हवेच्या जोरावर ब्रेक लावणारा डबा) जाणारा होज पाईप, चॅसीला घासून घासून पातळ झालेला. वहीत आकडा नसता तर मला कळलंच नसतं की वेळ वाढलाय, कारण रोज दहा-दहा सेकंदानं वाढणारी गोष्ट जाणवत नाही.

हवा भरली, साधारण आठ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास काटा थांबतो आणि ड्रायरमधून फुस्स आवाज येतो. आता इंजिन बंद. हँडब्रेक सोडायचा, ठोकळे लावलेले आहेतच, आणि काटा एक मिनिट बघायचा. मग ब्रेक पेडल पूर्ण दाबून धरायचं, दाबल्यावर काटा एकदा खाली येतो तो येऊ दे, तिथून पुढं पूर्ण एक मिनिट पाय तसाच ठेवून काटा बघायचा. अमेरिकेत ट्रकचं लायसन काढायच्या परीक्षेत हेच करून दाखवावं लागतं, तिथं एकट्या ट्रकला पाय न ठेवता मिनिटाला २ पीएसआय (दाब मोजायचं दुसरं माप) आणि पाय दाबून ३ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरली तर नापास. आपल्या काट्यावर ३ पीएसआय म्हणजे जेमतेम ०.२ किलो, म्हणजे काटा हललाय की नाही असं वाटावं एवढंच. काटा डोळ्यादेखत सरकत असेल तर गळती आहे. शांत जागी दुसऱ्याला पेडल दाबायला लावून आपण गाडीभोवती फिरायचं, सूं सूं आवाज कुठून येतो ते कळतं, आणि जॉईंटवर साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे येतात. गळती सापडली की तिथं टेप गुंडाळायची नाही, तो तुकडा बदलायचा.

त्यानंतर इंजिन बंदच ठेवून, चावी ऑन करून, पेडल दाबत-सोडत राहायचं. हवा उतरत जाईल आणि एका ठिकाणी बझर वाजला पाहिजे, लाल दिवा लागला पाहिजे. साधारण साडेचार-पाच किलोच्या आसपास वाजतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये ह्या बझरची वायर कोणीतरी काढून ठेवलेली असते, कारण सकाळी हवा भरेपर्यंत तो कटकट करतो. ती वायर आजच जोडा. हवा संपत आलीय हे सांगणारा गाडीत तो एकच आवाज आहे.

हे पेडल मारून हवा उतरवताना एक गोष्ट आपोआप कळते, ती सगळ्या ड्रायव्हरना करून दाखवा. इंजिन बंद असताना दर वेळी पेडल दाबलं की हवा कमी होते आणि परत भरत नाही. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल मारून जे जातात ना, त्यांचं नेमकं काय होतं ते इथं उभ्या गाडीत दिसतं. इंजिन बंद करून न्यूट्रलला सोडली म्हणजे कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, गिअरनं मिळणारी अडवणूक बंद, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) बंद. सगळं ओझं लायनरवर. न्यूट्रलला इंजिन चालू असलं तरी गिअरची अडवणूक गेलेलीच असते. वाचलेलं डिझेल किती, तर त्या उताराला फार तर शंभर-दोनशे रुपयाचं. आणि गंमत नाही सांगत, आताच्या इंजिनांना गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर डिझेल जवळपास जातच नाही, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला लागतं.

आता खाली. स्लॅक ॲडजस्टर म्हणजे ब्रेक चेंबरच्या दांडीला जोडलेला तो हात. ठोकळे लावून, हवा पूर्ण भरून, इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून खाली जायचं, हातमोजे घालून तो हात जोरात ओढायचा. साधारण एक इंचापेक्षा जास्त हलला तर ब्रेक सैल आहे. साध्या स्लॅकला पाना लावून आपण कसू शकतो, लायनर ड्रमला टेकेपर्यंत कसायचं आणि मग पाव ते अर्धा फेरा मागं घ्यायचं, चाक मोकळं फिरतंय ना बघायचं, आणि एका ॲक्सलची दोन्ही चाकं सारखीच ठेवायची, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. पण नव्या गाड्यांना ऑटो स्लॅक असतात, ते आपोआप कसले जातात. ऑटो स्लॅक सैल सापडला तर हातानं कसून पुढं निघू नका, कारण तो सैल झाला म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, कॅमचा बुश गेलाय किंवा स्लॅकच खराब झालाय. हातानं कसला की चार दिवस बरा चालतो आणि घाटात परत सैल होतो. मिस्त्रीला दाखवा.

त्याच जागी अजून एक बघायचं, चेंबरची दांडी आणि स्लॅक जोडणारी पिन, आणि त्या पिनेतली बारीक स्प्लिट पिन. हे मी स्वतः भोगलंय. एकदा लायनर बदलून आणलेली दहाचाकी घेऊन साताऱ्याहून येत होतो, खेड शिवापूरला चहाला थांबलो आणि सवयीनं चाकांजवळ हात नेऊन बघितला. जोडचाकं एक धरून पाच चाकं गरम, एक गार. गार चाक बघून लोक खूश होतात, पण गार चाक म्हणजे त्या चाकाला ब्रेकच लागत नाहीये, आणि त्याचं काम बाकीची चाकं करतायत म्हणून ती जास्त तापलीयत. खाली वाकून बघितलं तर पिन निसटून दांडी मोकळी लोंबत होती, गॅरेजवाल्यानं दहा रुपयाची स्प्लिट पिन लावलीच नव्हती. पुढं बोगदा आणि बोगद्याच्या पलीकडं तो उतार. तेव्हापासून गाडी गॅरेजमधून आली की पहिली फेरी माझी, मिस्त्री कितीही ओळखीचा असो.

हा हात नेऊन बघायचा प्रकार सगळ्यांनी करावा. साताऱ्याकडून येताना खेड शिवापूरचा टोल झाला की बाजूला घ्या, मुंबईला जाताना लोणावळ्याच्या आधी थांबा. ड्रमला हात लावायचा नाही, भाजेल, चार बोटं लांब धरायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग चाललंय, गार असेल तर ब्रेक लागत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर अजून चांगलं, पण कोविडमध्ये कपाळाला लावत होते तो नको, वर्कशॉपचा जास्त तापमान दाखवणारा घ्या आणि सगळ्या चाकांचे आकडे वहीत लिहा.

लायनर किती राहिलाय ते मागच्या डस्ट कव्हरच्या खिडकीतून टॉर्च मारून दिसतं. बऱ्याच लायनरच्या कडेला झिजेची खूण असते, तिथपर्यंत आला की बदलायचा, रिव्हेट ड्रमला घासायची वाट बघायची नाही. ड्रमला बाहेरून तडा दिसतोय का तेही बघा. आणि एक ताकीद, मागच्या चाकांना जो मोठा दोन खणांचा चेंबर असतो त्यात हँडब्रेकची स्प्रिंग प्रचंड ताकदीनं दाबून बसवलेली असते. तो चेंबर रस्त्यात कधीही खोलू नका, क्लॅम्प सुटला की ती स्प्रिंग माणूस मारते.

शेवटी चालवून बघायचं. हँडब्रेक ओढून, ठोकळे काढून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडा, गाडी पुढं जाता कामा नये. मग हँडब्रेक सोडून, मोकळ्या जागेत आठ-दहाच्या स्पीडला ब्रेक मारा, स्टेअरिंग हलकं धरून. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल नेहमीपेक्षा खोल जातं का. आणि चावी ऑन केल्यावर एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो, तोही फॉल्टच धरा.

टायरचं सगळ्यांना माहीत असतं तरी सगळ्यात जास्त हयगय तिथंच होते. कायद्यानं नक्षी किमान १.६ मिलीमीटर पाहिजे, टायरच्या खोबणीत उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात मी तिथपर्यंत जातच नाही, त्याच्या बऱ्याच आधी बदलतो. हवा थंड टायरमध्ये मीटरनं बघायची. टॉमीनं ठोकून बघतात, मीही बघतो, पण त्यानं फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो, वीस-पंचवीस पीएसआय कमी असलेला आवाजावरून ओळखता येत नाही. जोडटायरमध्ये आतला टायर बघायचा सगळे आळस करतात, आणि नेमका तोच बसलेला असतो, मग बाहेरचा एकटा सगळा भार घेतो, तापतो आणि फुटतो. दोन टायरच्या मधे अडकलेला दगड काढा, तो सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. साईडला फुगा, आत वायर दिसेल असा कट, एका बाजूनं झीज, हे हात फिरवून बघायचं. पुढच्या ॲक्सलला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर कधीच नको, मागं चालतात, पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

चाकाच्या नटांपासून गंजाच्या रेषा बाहेर आलेल्या दिसल्या तर नट सैल आहे, चाक हलतंय आणि आतला गंज बाहेर येतोय. नट आणि रिमवर मिळून एक पांढरी पेंटची रेघ मारून ठेवा, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, हा उपाय फुकटातला आहे आणि पंक्चरवाल्याकडून आल्यावर नवीन रेघ मारायला विसरू नका. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट परत कसायचे. शिरवळजवळ रात्री पंक्चर काढून निघालेल्या माझ्या ड्रायव्हरनं हे केलं नसतं तर पुण्यात येईपर्यंत चाक निसटलं असतं, आठापैकी तीन नट हातानं फिरत होते. पाईप घालून त्याच्यावर उभं राहून कसणं हेही चूक, स्टड ताणला जातो आणि नंतर तुटतो.

पाटे बघताना मेन पाटा तुटलाय का, पाटे एकमेकांवरून बाजूला सरकलेत का, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट घट्ट आहेत का. यू-बोल्ट सैल झाला की सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागं-पुढं सरकतो, मग गाडी तिरकी चालते. मागून येणारा सांगतो, भाऊ तुमची गाडी खेकड्यासारखी चाललीय, तर त्याचं ऐका. स्टेअरिंगला इंजिन चालू ठेवून खेळ किती आहे बघा, पुढची चाकं हलायच्या आत स्टेअरिंगच्या कडेला दोन इंचापेक्षा जास्त खेळ नको. टाय रॉडचे एन्ड, ड्रॅग लिंक, ह्या स्टेअरिंगपासून चाकापर्यंतच्या जोडांवर दुसऱ्याला स्टेअरिंग डावं-उजवं करायला लावून आपण खालून हात ठेवायचा, टकटक लागली की समजलं. किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती) आणि व्हील बेअरिंग महिन्यातून एकदा पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवून बघायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली आहातच तर जॉईंट शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) क्रॉसही हलवून बघा, आणि एक्झॉस्टजवळून जाणारी वायर कुठं वितळलीय का, डिझेलचा पाईप कुठं घासतोय का, बॅटरीचे टर्मिनल झाकलेले आहेत का. आगीची सुरुवात बहुतेक इथंच होते. केबिनमधल्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना बघा, आणि पावडरचा सिलिंडर महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, नाहीतर पावडर तळाला घट्ट बसते.

लाईट एकट्यानं तपासता येतात, मागचे ब्रेक लाईट भिंतीजवळ गाडी लावून आरशात बघा, नाहीतर पेडलवर लाकडाचा तुकडा अडकवून मागं जाऊन बघा. टेल लाईट आणि रिफ्लेक्टर टेपवर चिखल बसलेला असतो, फडका मारा. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, अशी टेप असते, आणि ती नुसती आरटीओला दाखवायला नाही. रात्री हायवेला उभ्या ट्रकमध्ये मागून घुसलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतोच. मागचा लोखंडी गार्ड वाकलेला, वर उचललेला असेल तर सरळ करून घ्या, कारण तो खाली नसला तर कार हौद्याखाली घुसते आणि पहिला मार बसतो तो माणसाच्या डोक्याला. बाजूच्या गार्डचंही तसंच, चाकणच्या चौकात, हडपसरला, आपल्या डाव्या बाजूनं टू-व्हीलरवाले घुसतातच, त्यांचं चूक आहे की बरोबर हे नंतर, पण गार्ड असला तर माणूस मागच्या चाकाखाली जात नाही. डावा आरसा आणि खालचा छोटा आरसा सीटवर बसूनच सेट करा, खाली उभं राहून नाही. वायपर, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, हे पाच मिनिटात होतं. त्रिकोणी रिफ्लेक्टर केबिनमध्ये हाताशी ठेवा, हौद्यात मालाखाली नको.

माल भरल्यावर फाळक्याच्या दोन्ही कड्या, ताडपत्रीचा दोर, आणि माल पुढं सरकायला जागा आहे का ते बघा. लोखंडी कॉइल किंवा मशिनरी असेल तर साखळी आणि खाली अडण पाहिजेच, नुसत्या वजनानं बसलंय असं समजू नका. कंटेनरवाल्यांनी कंटेनर गाडीला धरून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक हातानं फिरवून बघावेत. ट्रेलरवाल्यांनी जोडल्यावर ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी हलकेच पुढं ओढून बघावी, लॉक बसला नसेल तर तिथंच कळतं.

ओव्हरलोडचं सांगतो. दोन ॲक्सलच्या सहाचाकीचं मालासकट एकूण वजन १८.५ टन आणि तीन ॲक्सलच्या दहाचाकीचं २८.५ टन, ही २०१८ पासूनची कमाल मर्यादा, पण आपल्या आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जे लिहिलंय तेच धरायचं. दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. दंडाचं सोडा, गाडीचे ब्रेक त्या आरसीवरच्या वजनासाठी बनवलेले असतात. आणि स्पीडचा हिशोब तर फार वाईट आहे, चाळीसऐवजी साठनं उतरलात तर गाडी थांबवायला दीडपट नाही, सव्वादोन पट ऊर्जा ब्रेकला खावी लागते. ती सगळी उष्णता होते, ड्रम तापून फुगतो, लायनर धरेनासा होतो, पेडल दाबलेलं असतं, हवा पूर्ण असते आणि गाडी तरी पळते. ह्याला लोक ब्रेक फेल म्हणतात. म्हणून चढताना जो गिअर लागतो त्याच्या आसपासच्या गिअरमध्येच उतरायचं, तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा आणि पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडायच्या आधी गिअर खाली आलेला पाहिजे.

कागदपत्रं सगळ्यांची मोबाईलमध्ये असतात आता, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, तारखा संपायच्या पंधरा दिवस आधीचा अलार्म लावा, विषय संपला.

आता मालकांसाठी. ड्रायव्हरनं सकाळी सांगितलं की ब्रेक सैल वाटतोय, आणि तुम्ही म्हणालात की आजची ट्रिप मारून ये मग बघू, तर उद्यापासून तो सांगणार नाही. माझ्याकडे एक पद्धत आहे, ब्रेक, स्टेअरिंग, टायर, चाकाचे नट आणि मागचे लाईट ह्यातलं काहीही असेल तर गाडी हलवायची नाही, मला विचारायचंही नाही, फक्त कळवायचं. पार्टीला, म्हणजे ज्याचा माल आहे त्याला, फोन मी करतो. त्या दिवसाचा ड्रायव्हरचा भत्ता कापत नाही. सुरुवातीला वाटलं की ह्याचा फायदा घेतील, तीन वर्षांत एकदाही घेतलेला नाही. आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला लगेच परत पाठवायचं नाही, तपासणीत माणूसही येतो, डोळे लाल असतील, हात थरथरत असतील तर गाडी कितीही चांगली असून उपयोग नाही.

वही साधी शंभर पानी, प्रत्येक गाडीची वेगळी, केबिनमध्ये सुतळीनं पेन बांधून. तारीख, किलोमीटर, हवा भरायला लागलेली मिनिटं, एका मिनिटात उतरलेली हवा, टायरचे आकडे, काय सापडलं, कोणी दुरुस्त केलं, आणि ड्रायव्हरची सही. काही सापडलं नाही तरी "काही नाही" असं लिहायचं, रिकामी ओळ सोडायची नाही, कारण रिकाम्या ओळीवरून कळत नाही की बघितलं आणि ठीक होतं, की बघितलंच नाही. बदललेल्या पार्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि जुना पार्ट गॅरेजमधून मागून घ्यायचा. रविवारी संध्याकाळी मी दोन्ही वह्या घेऊन बसतो, आठवड्याचे आकडे एकाखाली एक वाचतो, आणि जिथं आकडा वाढत चाललेला दिसतो ती गाडी सोमवारी भरायला पाठवत नाही.